सख्खे भाऊ, पक्के वैरी: मॉस्को आणि पेकिंगची भाऊबंदकी

ओझरकर (धागाकर्ता)

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला. टीव्हीवर तो सोहळा बघताना वडील (वय ८४, सगळी नोकरी ओझरला, मिगच्याच कारखान्यात) सहज म्हणाले, "हेच विमान रशियानं चीनलाही दिलं होतं. आपल्या आधी." मी म्हटलं, काहीतरीच काय! मग शोधायला बसलो आणि त्यात पुरता अडकलो.

वडिलांचं खरं निघालं. मिग-२१ बनवायचा परवाना चीनला १९६१ मध्ये मिळाला. आपला करार १९६२ चा, चीनशी युद्ध पेटायच्या जेमतेम काही आठवडे आधीचा. ओझरचा कारखाना १९६४ चा. चीनच्या हाती सगळी कागदपत्रं पडायच्या आतच त्या दोघांचं फाटलं. मग चिन्यांनी होते तेवढे कागद आणि सुटे भाग पुढ्यात घेऊन स्वतःच जुळवाजुळव केली आणि १९६६ मध्ये आपलं जे-७ उडवलं. पुढे तेच एफ-७ नावानं पाकिस्तानकडे आलं. म्हणजे एकाच आईची लेकरं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना.

लहानपणी आमच्या वह्यांना 'सोव्हिएत लँड'च्या गुळगुळीत पानांची कव्हरं असायची. ट्रॅक्टरवरच्या हसऱ्या बायका, अंतराळवीर, धरणं. त्या कव्हरांत चीन कुठेच नव्हता. जगातले दोन सर्वांत मोठे कम्युनिस्ट देश, आणि एकाच्या मासिकात दुसऱ्याचं नाव नाही, हे तेव्हा कधी खटकलंच नाही.

सुरुवात झकास होती. १९४९ च्या डिसेंबरात माओ मॉस्कोला गेला. स्टॅलिननं त्याला दोन महिने तिष्ठत ठेवलं. खाणं, झोपणं आणि परसाकडे जाणं एवढीच कामं होती, अशी त्याची तक्रार. अखेर १४ फेब्रुवारी १९५० ला ३० वर्षांचा मैत्री करार झाला, ३० कोटी डॉलरचं कर्ज एक टक्का व्याजानं मिळालं. त्याच वर्षी कोरियात अमेरिकेशी लढायला चिनी फौजा उतरल्या. माओचा मुलगा तिथेच मारला गेला. जगाला वाटलं, ही जोडी आता तुटत नाही.

स्टॅलिन गेला १९५३ ला. १९५६ च्या फेब्रुवारीत त्याच्या गादीवर आलेल्या ख्रुश्चेव्हनं बंद दाराआड स्टॅलिनची लक्तरं काढली, तीही चीनला आधी न विचारता. १९५८ च्या उन्हाळ्यात तो पेकिंगला गेला (आताचं बीजिंग; तेव्हा आपल्याकडे पेकिंगच म्हणत, मीही तेच लिहिणार), तर माओनं त्याला पोहण्याच्या तलावावर बोलावलं. माओ पट्टीचा पोहणारा. ख्रुश्चेव्हला धड पोहता येत नव्हतं, त्याला रबरी चकती देऊन पाण्यात उतरवलं, असं सांगतात. काठावर दुभाषे इकडून तिकडे पळताहेत, माओ हात मारत राजकारण बोलतोय आणि जगातल्या दोन नंबरच्या अणुसत्तेचा प्रमुख चकतीला धरून तरंगतोय! विषय होता संयुक्त पाणबुडी ताफ्याचा आणि चिनी किनाऱ्यावर रशियाला हव्या असलेल्या रेडिओ केंद्राचा. माओला त्यात वडीलकी दिसली. पुढच्या वर्षी रशियानं अणुबॉम्बचा नमुना द्यायचं नाकारलं आणि १९६० च्या जुलैत आपले तज्ज्ञ परत बोलावले. चिनी आकडा १३९०. माणसं नकाशे गुंडाळून निघून गेली. नानजिंगचा यांगत्सेवरचा पूल अर्धवट, पोलादाचा पुरवठा बंद. तो पूल चिन्यांनी १९६८ मध्ये स्वतःचं पोलाद वापरून पुरा केला आणि त्याचा डंका अजून वाजतो.

आणि मग २ मार्च १९६९. उसुरी नदी गोठलेली. नदीत एक बेट, चिनी नाव झेनबाओ, रशियन नाव दमान्स्की. पाऊण चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण १८० एकर. उन्हाळी पुरात निम्मंअधिक बुडणारं. त्यासाठी गोळीबार. त्या महिन्यात रशियाचे ५८ जण मेले. चीनचे किती, यावर दोघांचे आकडे कधीच जुळले नाहीत. भांडण काय, तर हद्द नदीच्या मुख्य धारेतून जाते (चीन) की चिनी काठाला लागून (रशिया).

हे वाचल्यावर मला आमच्या निफाडचं तहसील आठवलं. माझं म्हणणं एवढंच, की हा वाद मार्क्स-लेनिनच्या भाषेत झाला, पण होता बांधाचा. ज्यांच्यात वाटणी नाही त्यांच्यात भाऊबंदकी नाही. अमेरिकेची आणि चीनची एक इंच सामायिक हद्द नव्हती. रशियाशी होती सात हजार किलोमीटरच्या आसपास.

किसिंजर (अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा सल्लागार), १९७१ वगैरे पुढच्या प्रतिसादात. टंकून बोटं दुखली.

---

वाचनवेडी

मस्त! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ते चकतीचं चित्र डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

---

गिरणगावचा म्हातारा

धागा चांगला, निष्कर्ष घाईचा. बांध हे निमित्त. बांधाचंच भांडण होतं तर १९५० ते ५६ तोच बांध होता, तीच नदी होती, तेव्हा का नाही झालं? झारनं १८५८ आणि १८६० च्या करारांत चीनकडून जी जमीन लाटली (व्लादिवोस्तोक त्यातलंच), ती माओला १९५० मध्ये ठाऊक नव्हती का? तक्रार त्यानं जपानी समाजवाद्यांसमोर बोलून दाखवली १९६४ मध्ये. म्हणाला, याचं बिल आम्ही अजून रशियापुढे ठेवलेलं नाही. आधी मन फाटलं, मग सातबारा काढला.

मन का फाटलं? अमेरिकेशी जुळवून घ्यायचं की नाही यावर. ख्रुश्चेव्ह म्हणे शांततामय सहजीवन, माओ म्हणे शरणागती. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता, माणसं त्यापायी तुरुंगात गेली. आमच्या घरात बघा. परळला दहा बाय बाराच्या खोलीत वडील आणि धाकटे काका, दोघंही लाल बावट्याचे. भिंतीवर लेनिन आणि स्टॅलिन शेजारी शेजारी. १९५६ नंतर काकांनी स्टॅलिन उतरवला. वडिलांनी परत लावला. आईनं तोडगा काढला, स्टॅलिनवर गिरणीचं कॅलेंडर टांगलं. महिना उलटायला पान वर केलं की मिशा दिसायच्या.

१९६२ च्या युद्धात कम्युनिस्ट पुढारी डांगे हे भारत सरकारच्या बाजूनं उभे राहिले, त्याच पक्षाचे रणदिवे तुरुंगात गेले. दोघंही मराठी माणसं, दोघंही मुंबईच्या कामगार चळवळीतली. मार्च १९६४ मध्ये ती 'डांगे पत्रं' छापून आली (१९२४ मध्ये तुरुंगातून इंग्रज सरकारला लिहिल्याचा आरोप, डांगे म्हणाले बनावट), एप्रिलमध्ये राष्ट्रीय कौन्सिलातून ३२ जण उठून बाहेर पडले आणि वर्षअखेर पक्ष दुभंगला. चाळीत लोक 'रशियावाले' आणि 'चीनवाले' म्हणायला लागले. वडील चीनवाले ठरले. गंमत अशी, की पेकिंगला तेही पसंत नव्हते! १९६७ मध्ये नक्षलबारी झाल्यावर चिनी सरकारी दैनिकानं 'वसंताची मेघगर्जना' म्हणून तिचं स्वागत केलं आणि आमच्या मार्क्सवाद्यांनाही रिव्हिजनिस्टांच्या (मार्क्सवादात भेसळ करणाऱ्यांच्या) रांगेत बसवलं. वडिलांनी तेव्हा बिडी विझवली आणि म्हणाले, आता कॅलेंडरच राहू दे.

---

ओझरकर

काका, दंडवत. कॅलेंडरचा किस्सा माझ्या अख्ख्या धाग्यापेक्षा भारी आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र भाऊबंदकीतच आहे. वडील असेपर्यंत वाटणी निघत नाही. स्टॅलिन होता तोवर माओनं मान खाली घालून ऐकलं, दोन महिने तिष्ठतही बसला. तो गेल्यावर गादीवर आला ख्रुश्चेव्ह. तो वडील नव्हता, थोरला भाऊ होता, आणि माओच्या मते तर थोरलाही नव्हता. क्रांती आपण लढून आणली, हा कोण टिकोजी? मग निघाले सातबारे. म्हणजे तुमचं 'आधी मन फाटलं' मान्य. पण ते मन तत्त्वावरून फाटलं की मानावरून?

---

गिरणगावचा म्हातारा

मानावरून फाटलं म्हणणं सोपं आहे. दुसऱ्याचं तत्त्व आपल्याला नेहमीच अहंकार वाटतो.

---

तिरकस

काका १, ओझरकर ०. (खुर्ची टाकून बसलोय.)

---

शांघायवाली

मी मूळची सांगलीची, सध्या नोकरीनिमित्त इकडे. पेकिंगच्या लष्करी संग्रहालयात झेनबाओचा रणगाडा आहे, टी-६२, अंगावर ५४५ आकडा. १५ मार्चच्या चकमकीत तो निकामी होऊन नदीवर अडकला. परत ओढून नेता येईना म्हणून रशियानं तोफा डागल्या आणि बर्फ फुटून तो पाण्यात गेला. नंतर चिन्यांनी पाणबुडे उतरवून बाहेर काढला. मी गेले तेव्हा एक आजोबा नातवाला उचलून ते आकडे दाखवत होते. पाटीवर तारखा, शौर्य, सगळं व्यवस्थित. मला तो जवळून छोटा वाटला, कडेची पट्टी गंजलेली, चाकांवर रंगाचे थर चढवलेले.

त्याच महिन्यातला टेलिफोनचा किस्सा माहीत असेलच. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिननं भांडण थांबवायला पेकिंगला हॉटलाइनवर फोन लावला, तर चिनी ऑपरेटरनं 'तू रिव्हिजनिस्ट आहेस' म्हणून जोडूनच दिला नाही! अणुयुद्ध टळतंय की नाही, ते एका टेलिफोन ऑपरेटरच्या हातात. सांस्कृतिक क्रांतीचे दिवस, बिचाऱ्यानं जोडून दिला असता तर त्याचीच खैर नव्हती.

अखेर त्या दोन पंतप्रधानांची गाठ पडली ११ सप्टेंबरला. व्हिएतनामचा नेता हो ची मिन्ह याच्या अंत्यविधीहून परतताना कोसिगिन वाट वाकडी करून पेकिंगला उतरला. चाऊ एन-लाय त्याला विमानतळावरच भेटला. शहरात काही नेलं नाही.

---

ओझरकर

@शांघायवाली, ऑपरेटरचा किस्सा मी मुद्दाम राखून ठेवला होता, तुम्ही पळवलात!

त्या सप्टेंबरची दुसरी बाजू अशी. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनमध्ये सोव्हिएत वकिलातीतल्या एका अधिकाऱ्यानं अमेरिकन अधिकाऱ्याला जेवताना विचारलं, की आम्ही चीनच्या अणुकेंद्रांवर हल्ला केला तर तुमचं काय म्हणणं असेल? वीस वर्षांपूर्वीचा भाऊ, आणि त्याला मारायची सुपारी नाही पण परवानगी मागतायत, तीही भांडवलदारांच्या मुख्य पेढीवर. अमेरिकेला इथे कळलं, की साम्यवादी जग नावाचा एक गठ्ठा कधीचाच सुटलाय. माओनंही बाजूला टाकलेल्या चार मार्शलांना अभ्यासाला बसवलं होतं: चेन यी, ये जियानयिंग, शू शियांगचियान, नी रोंगझेन. त्यांचा निष्कर्ष, मोठा धोका उत्तरेकडून आहे. चेन यीनं तर पुढे जाऊन अमेरिकेशी बोलावं असं सुचवलं. दूरच्याशी हात मिळवा, जवळच्याला आवरा. आपल्याकडे पेशवाईत हेच चालायचं.

एप्रिल १९७१, नागोया, टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा. अमेरिकन खेळाडू ग्लेन कोवान चुकून चिन्यांच्या बसमध्ये चढला. सगळे गप्प. माजी जगज्जेता च्वांग झेडाँग उठला आणि त्यानं त्याला हुआंगशान डोंगराचं रेशमी चित्र दिलं. पंधरवड्याच्या आत अमेरिकन संघ चीनमध्ये.

मग जुलै. किसिंजर दिल्लीला आला, तिथून पाकिस्तानात. पोट बिघडलंय, नथियागलीला विश्रांती घेतोय, असं जाहीर केलं आणि भल्या पहाटे रावळपिंडीच्या चकलाला विमानतळावरून पाकिस्तानी विमानातून पेकिंगला. जास्तीचे शर्ट विसरला होता. सहकाऱ्याचे उसने घेतले, ते ढगळ, आणि गळ्यावर लेबल 'मेड इन तैवान'! चीनशी मैत्री करायला निघालेला माणूस, अंगात तैवानचा शर्ट. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

१५ जुलैला निक्सननं जाहीर केलं, की आपण पेकिंगला जाणार. ९ ऑगस्टला दिल्लीत भारत आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी २० वर्षांच्या मैत्री करारावर सह्या केल्या. करार घाटत होता बरेच दिवस, पण हात हलले ते त्या बातमीनं. अलिप्ततावाद तोंडी लावायला राहिला. डिसेंबरात युद्ध झालं तेव्हा रचना बघा: लोकशाहीवादी अमेरिका आणि माओचा चीन एका लष्करी हुकूमशहाच्या मागे, लोकशाही भारतामागे ब्रेझनेव्हचा रशिया, सुरक्षा परिषदेत एकामागून एक तीन नकाराधिकार वापरत. रणांगणावर पाकिस्तानचे चिनी टी-५९ आणि आपले रशियन टी-५५, दोन्ही एकाच टी-५४ घराण्यातले.

---

तिरकस

लेख छान, पण किसिंजरला फार मोठं करू नका. तो त्याचं काम स्वतःच करून गेलाय.

पुढाकार मुळात माओचा. आणि डिसेंबर १९७१ मध्ये तर किसिंजरचा डाव फसला. १० तारखेला न्यूयॉर्कमध्ये तो चीनचा प्रतिनिधी ह्वांग ह्वा याला भेटला आणि सुचवून बघितलं, तुम्ही भारताच्या हद्दीवर काही हालचाल केलीत तर आम्ही रशियाला बघून घेऊ. चीन हलला नाही. हिमालयातल्या खिंडींत बर्फ, उत्तर सीमेवर रशियाच्या फौजा, आणि सप्टेंबरातच माओचा वारस ठरलेला संरक्षणमंत्री लिन पियाव विमान अपघातात गेल्यामुळे लष्करात गोंधळ. नव्या मित्राच्या सांगण्यावरून स्वतःचं डोकं फोडून घ्यायला चिनी काही खुळे नव्हते. अमेरिकेचं 'एंटरप्राइज' हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात येऊन गेलं, एवढंच.

खरा नफा अमेरिकेचा नाहीच, चीनचा. २५ ऑक्टोबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांतली तैवानची खुर्ची मिळाली, आणि तीही अमेरिका विरोधात मत देत असताना. हां, १९७२ च्या फेब्रुवारीत पेकिंग आणि मे महिन्यात मॉस्को, दोन्हीकडे निक्सनचा पाहुणचार झाला, एवढं त्याच्या पदरात टाका. दोन भाऊ बोलत नसले की गावच्या सावकाराला दोन्ही घरी चहा मिळतो.

---

स्नेहल_आर

बाळबोध प्रश्न, हसू नका. व्हिएतनाम अमेरिकेशी लढत होता तेव्हा चीन त्याच्या बाजूनं होता ना? मग १९७९ ला चीननंच व्हिएतनामवर हल्ला का केला?

---

शांघायवाली

अजिबात बाळबोध नाही, सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

होता, भरपूर होता. १९६५ ते ६९ मध्ये ३ लाख २० हजारांवर चिनी सैनिक आळीपाळीनं उत्तर व्हिएतनामला जाऊन आले: रस्ते, रेल्वे, विमानविरोधी तोफा. रशियाची क्षेपणास्त्रं चीनच्याच रेल्वेनं जायची आणि वाटेत अडकायची, त्यावरून तिघांत कटकट. मग १९७२ ला पेकिंगनं निक्सनला मेजवानी दिली, तेव्हा व्हिएतनामचं अमेरिकेशी युद्ध चालूच होतं. ते व्हिएतनामी विसरले नाहीत.

अमेरिका गेल्यावर हनोई मॉस्कोकडे झुकलं, ३ नोव्हेंबर १९७८ ला करार केला, आणि डिसेंबरात कंबोडियात घुसून तिथला हुकूमशहा पोल पॉट याला हाकललं. पोल पॉट चीनचा माणूस. जानेवारीअखेर चीनचा नवा नेता डेंग अमेरिकेत गेला, टेक्सासमध्ये काउबॉय टोपी घालून मिरवला, अध्यक्ष कार्टरच्या कानावर घालून आला, आणि १७ फेब्रुवारीला हल्ला. महिन्याभरात 'धडा शिकवून झाला' म्हणून माघार. धडा कुणी कुणाला शिकवला, हे इकडे कुणाला विचारू नये!

आपला त्यातला धागा: तेव्हा परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनमध्येच होते, १९६२ नंतरच्या पहिल्या मोठ्या भेटीवर. पाहुणा घरात असताना यजमानानं शेजाऱ्यावर हल्ला केला. दौरा अर्धवट टाकून ते परतले.

---

गिरणगावचा म्हातारा

या ठिकाणी माझी मान खाली जाते, ओझरकर. पोल पॉटची माणसं जंगलात पळाली तरी संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची खुर्ची त्यांच्याच नावावर राहिली. मतं कुणाची? चीनची आणि अमेरिकेची, एकत्र. भारतानं १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली तर नाकं मुरडली गेली. इथे ना तत्त्व होतं, ना बांध. चीनला कंबोडिया लागूनही नाही. एवढा एक मुद्दा तुमच्याही विरोधात जातो आणि माझ्याही.

---

ओझरकर

जातो. कबूल.

---

भटक्या विमुक्त

अवांतर: अल्बेनियाला विसरलात! मुंबईच्या निम्मीही लोकसंख्या नसलेला देश. आधी युगोस्लाव्हियाशी भांडले, १९४८ ला रशियाच्या कडेवर बसले. १९६१ ला रशियाशी भांडले, व्लोराच्या तळावरच्या चार रशियन पाणबुड्या ठेवून घेतल्या. मग चीनच्या कडेवर. माओ निक्सनला भेटला म्हणून चीनशीही बिनसलं, १९७८ ला चीनची मदत बंद. मग कुणीच उरलं नाही, तेव्हा सिमेंटचे बंकर बांधत बसले. मी तिराना ते साराँदा बसनं गेलोय, द्राक्षांच्या मळ्यात, शाळेच्या आवारात, समुद्रावर, सगळीकडे कुत्र्याच्या छत्रीसारखे बंकर. एकात आता कॉफीचं दुकान आहे. कॉफी बरी होती.

---

तिरकस

खिक्! प्रत्येक भावकीत असा एक चुलता असतोच.

---

नवा_गडी

हे सगळं जुनं झालं. ४ फेब्रुवारी २०२२ ला पुतिन आणि शी यांनी 'अमर्याद मैत्री' जाहीर केली. आता दोघं मिळून अमेरिकेविरुद्ध. भाऊ एक झाले!

---

ओझरकर

@नवा_गडी, १९५० चा करारही ३० वर्षांचा होता, दहा वर्षांत फाटला आणि उरलेली वीस वर्षं कागदावर जगला. १९७९ मध्ये चीननं कळवलं की नूतनीकरण नको, १९८० ला रीतसर मुदत संपली. मधल्या काळात याच दोन कागदी मित्रांनी एकमेकांवर तोफा डागल्या. म्हणून 'अमर्याद' या शब्दावर मी काही पैज लावणार नाही, कुठल्याच बाजूनं.

एक मात्र झालं. बांध मिटला. झेनबाओ १९९१ च्या करारात चीनकडे गेलं, आणि खबारोव्हस्कजवळचं मोठं बेट २००८ मध्ये निम्मं-निम्मं वाटून घेतलं. काका, आता म्हणाल, बांध मिटला म्हणून भाऊ एक झाले, की भाऊ एक व्हायचे होते म्हणून बांध मिटला?

---

गिरणगावचा म्हातारा

मे १९८९ ला सोव्हिएत नेता गोर्बाचेव्ह पेकिंगला गेला तेव्हा डेंगनं आपल्या माणसांना बजावून ठेवलं होतं: हस्तांदोलन करायचं, मिठी मारायची नाही. बाहेर तिआनमेन चौकात आंदोलन करणारी पोरं बसलेली, म्हणून स्वागताचा समारंभ तिथे न करता विमानतळावरच उरकला. ३० वर्षांनी दोन्हीकडच्या सर्वोच्च नेत्यांची भेट, आणि बँड विमानतळावर वाजवला.

दूरदर्शनवर ते बघताना वडील बाजेवर होते, वय झालेलं. म्हणाले, हात किती वेळ धरला ते मोज. मी काही मोजलं नाही.

@शांघायवाली, त्या ५४५ चा फोटो असला तर टाक पोरी.

---

शांघायवाली

आहे काका, पण इथून अपलोड होत नाहीये, व्हीपीएन बंद पडलाय. रविवारी बघते.